झिजलेले चेहरे : देवघरातील टाक आणि आफ्रिकेतील जुळ्यांच्या मूर्ती

१

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी देवघरातील टाकांवर एक लेख लिहिला होता. तेव्हा मी नुकताच कलेचा इतिहास शिकवू लागलो होतो आणि घडण, उठाव, प्रमाणबद्धता हे शब्द तोंडात सदैव तयार असत. मुरुमच्या आमच्या घरातील सात चांदीच्या टाकांचे वर्णन करताना मी लिहिले होते की घडण ढोबळ आहे, चेहरे अस्पष्ट आहेत, आणि कारागिराला नाकडोळ्यांपेक्षा घोडा उठवण्यात अधिक रस असावा. अंक घरी आला तेव्हा मोठ्या हौसेने आईला तेवढा भाग वाचून दाखवला. ती शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "चेहरे होते की. तुझ्या आत्यानं धुऊन धुऊन गेले."

तेव्हा मी हे हसण्यावारी नेले. गेल्या वर्षी दादा गेले. त्यांचे वर्षश्राद्ध जवळ आले तसा त्यांचा टाक करण्याचा विषय निघाला. आमच्याकडे झिजलेले टाक सोनाराकडे देऊन त्याच चांदीतून नवे करून घेण्याला 'देव उजळणे' म्हणतात. आईचे म्हणणे, सगळेच टाक आता गुळगुळीत झालेत, तेव्हा एकदाच सारे उजळून घ्यावे आणि त्यातच दादांचा टाक करावा. माझ्यातला कलेचा मास्तर दचकला. आजोबांच्याही आधीचे हे टाक, ते वितळवायचे? मी नको म्हणालो. आई म्हणाली, "मग कशाला ठिवलालास? बघायला?"

या लेखाचा विषय तिचा तो प्रश्न आहे. माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंतच्या एकेका टप्प्यासाठी जी वस्तू घडवली जाते, जिच्यावर रोज हात फिरतो आणि त्या हातानेच जी झिजते, तिच्याकडे समीक्षकाने कसे पाहायचे? उत्तर शोधताना मला मुरुमहून बरेच लांब, पश्चिम आफ्रिकेपर्यंत जावे लागले. तिथे हा प्रश्न आपल्याआधी आणि आपल्याहून अधिक तीव्रतेने उभा राहिलेला आहे.

२

ज्यांच्या देव्हाऱ्यात टाक नाहीत अशा वाचकांसाठी थोडे सांगतो. टाक म्हणजे चांदी, पितळ किंवा तांब्याच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेली तळहातात मावणारी प्रतिमा. त्यात कुलदैवते असतात: घोड्यावरचा खंडोबा, महिषासुराला मारणारी भवानी, कुठे भैरव, कुठे बिरोबा. त्यांच्याच शेजारी घरातील गेलेली माणसेही असतात. वारलेल्या कर्त्या पुरुषाचा टाक करून तो देवांच्या पंक्तीत बसवायचा ही रीत महाराष्ट्रातील अनेक घराण्यांत आहे. पूर्वजाच्या टाकात चेहरेपट्टी जुळवण्याचा प्रयत्न नसतो. सोनाराकडे ठरलेला ठसा असतो, त्यातून हा आजोबाही निघतो आणि तो पणजोबाही.

मुरुम हे धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातले, कर्नाटकाच्या सीमेलगतचे गाव. गल्लीत मराठी आणि कानडी दोन्ही चालतात. आमच्या घराचे देव दोन, तुळजापूरची भवानी आणि अणदूरचा खंडोबा. हे दोन्ही देव एका जागी बसून राहणारे नव्हेत. तुळजापूरची मूर्ती चल आहे. नवरात्राच्या आधी देवी पलंगावर निद्रेला जाते आणि दसऱ्याला पालखीतून सीमोल्लंघन करते. खंडोबाची एकच मूर्ती काही महिने अणदूरला आणि काही महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला राहते. अशा मुलखातील माणसाला देवाची मूर्ती उचलणे, नेणे, निजवणे, न्हाऊ घालणे यांत वावगे काही वाटत नाही. मूर्ती ही वापरायची गोष्ट आहे.

टाकही तसेच वापरले जातात. नवरात्रात ते विड्याच्या पानांवर बसतात आणि नऊ दिवस हलवत नाहीत. लग्नाआधी ते काढून उजळले जातात. भाऊ वेगळे झाले की धाकट्याच्या घरासाठी नवे टाक पाडून घेतात. आमच्याकडे असे टाक आधी अणदूरला देवाच्या भेटीला नेतात. लग्न, वाटणी, मृत्यू असे घरातले प्रत्येक वळण त्या देव्हाऱ्यात नोंदवले जाते. एरवीचे दिवस मात्र धुण्याचे. चिंच, राख, पाणी आणि बोटे. चाळीस वर्षे आमच्या देव्हाऱ्यातली ती बोटे आत्याची होती.

३

एकदा ग्रंथालयात आफ्रिकी शिल्पांचा एक जाड चित्रसंग्रह चाळताना एका पानावर थांबलो. वीतभर उंचीच्या दोन लाकडी मूर्ती होत्या. केशरचना कोरीव, अंगावर मण्यांच्या माळा, आणि चेहरा मात्र जवळजवळ नाहीच. कपाळ, नाक, ओठ यांच्या जागी गुळगुळीत फुगवटा. मला आधी आमचे टाक आठवले आणि मग माझा लेख.

त्या 'इबेजी' मूर्ती होत्या. नैर्ऋत्य नायजेरिया आणि शेजारच्या बेनिनमधील योरुबा लोकांत जुळी मुले होण्याचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. जुळ्यांपैकी आधी जन्मलेल्याला तायवो म्हणतात आणि मागून आलेल्याला केहिंदे. मोठा मान केहिंदेचा असतो, कारण जग कसे आहे ते पाहायला त्याने तायवोला पुढे धाडले अशी समजूत आहे. जुळ्यांतील एक दगावले तर आईवडील दैवज्ञाला विचारतात आणि त्याच्या सांगण्यावरून सुताराकडून इबेजी करवून घेतात. मग आई त्या मूर्तीला जिवंत जुळ्यासारखेच वागवते. न्हाऊ घालते, खाऊ घालते, कपडे-मणी घालते, लाल लाकडाची भुकटी तेलात कालवून अंगाला चोळते. गेलेला जीव रुसू नये आणि मागे राहिलेल्याला बरोबर नेऊ नये यासाठी हे सारे. वर्षानुवर्षांच्या या न्हाऊमाखूने चेहरा झिजतो. मेलेले मूल तान्हे असले तरी मूर्ती मात्र मोठ्या माणसाच्या अंगलटीची असते. म्हणजे इथेही चेहरेपट्टीशी देणेघेणे नाही. तो जीव जे होऊ शकला नाही, ते रूप त्याला दिले जाते.

युरोप-अमेरिकेतील संग्राहकांना हा झिजलेपणा फार आवडतो. लाकडावरची चकाकी, हातांनी आलेली मऊ झळाळी यांवर लिलावांच्या याद्यांत मोठ्या रसिकतेने लिहिलेले असते. किंमतही त्याने चढते. झीज दिसली की वस्तू खरी, पूजेत राहिलेली. नाही तर बाजारासाठी केलेली.

माझी चूक आणि या संग्राहकांची रसिकता यांचे मूळ एकच आहे असे मला वाटते. मी झिजेला दोष म्हटले, त्यांनी सौंदर्य म्हटले. दोघांनीही चेहऱ्याकडेच पाहिले. तो झिजवणारा हात ना मला दिसला ना त्यांना. इबेजीचा गुळगुळीत चेहरा ही एका आईने आपल्या मेलेल्या लेकरासाठी केलेल्या कामाची नोंद आहे. तिला सुंदर म्हणायला माझी हरकत नाही, पण सौंदर्य तिथे मागाहून आलेले आहे. काम आधीचे आहे. आणि ते काम सुताराचे नसून आईचे आहे. अशा मूर्तीची घडण सुताराच्या ओसरीवर पूर्ण होतच नाही, ती पुढची वीस वर्षे चालू राहते. मग तिचा कर्ता कोण, हा प्रश्न समीक्षेला नव्याने विचारावा लागतो.

४

हे एकदा लक्षात आले की जन्मापासूनच्या वस्तू वेगळ्या दिसू लागतात. घानातील असांते लोकांत 'अकुआबा' नावाची लाकडी बाहुली असते. थाळीसारखे चपटे गोल डोके, वळ्या पडलेला उंच मान, आडवे छोटे हात. मूल हवे असलेली स्त्री ही बाहुली लुगड्यात खोचून पाठीवर वागवते, अगदी खऱ्या बाळासारखी. मूल झाले की बाहुलीचे काम संपते. मग ती देवस्थानात परत जाते किंवा पोरीच्या हाती खेळायला येते. आज ती जगभर कानातल्यांपासून पाकिटांपर्यंत सगळीकडे शोभेचे चिन्ह म्हणून दिसते. पाठीवर वागवण्यातला लोकांसमोर उघड केलेला हट्ट आणि त्यातली भीती त्या चिन्हात उरलेली नाही.

आमच्याकडे जन्माच्या टप्प्यावर याहूनही कमी असते. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा मांडतात, दिवा लावतात, आणि सटवाईसाठी कोरा कागद व लेखणी ठेवतात. रात्री ती येऊन बाळाचे नशीब लिहिते. सकाळी कागद कोराच असतो, आणि ते कुणाला खटकत नाही. मराठी घरातील बहुतेक माणसांच्या आयुष्याचा पहिला दस्तऐवज हा असा न लिहिलेला आहे. माझ्या पाचवीची मांडणी आत्याने केली होती असे आई सांगते. पाटा, वरवंटा, कागद, लेखणी या सगळ्या रोजच्या वस्तू. एका रात्रीपुरत्या त्या वेगळ्या होतात आणि दुसऱ्या दिवशी पाट्यावर पुन्हा चटणी वाटली जाते. संग्रहालयात ठेवायला यातले काही उरत नाही. अकुआबा आणि हा पाटा यांच्यात मला सारखेपणा दिसतो तो इथे. दोन्हींना आपले काम संपल्यावर बाजूला होता येते.

५

मुलीचे बाईत रूपांतर होण्याचा टप्पा आफ्रिकेत ज्या थाटाने साजरा होतो त्याला आपल्याकडे तोड नाही. सिएरा लिओन आणि लायबेरियातील मेंदे लोकांत 'सांदे' हा बायकांचा मंडळवजा गूढ संघ आहे. मुलींना तिथे संसाराचे, शेतीचे, औषधांचे, नाचगाण्याचे शिक्षण मिळते. त्या दीक्षेच्या वेळी 'सोवेई' हा मुखवटा नाचतो. काळाभोर, तेलाने चमकणारा, मानेला वळ्या, मिटल्यासारखे बारीक डोळे, आवळलेले छोटे तोंड, वर गुंतागुंतीची वेणीफणी. मुखवटा घालून नाचणे आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी पुरुषांकडे असते. सोवेई मात्र बायका घालतात. कोरणारा पुरुष असतो, पण त्याच्या मुखवट्याला अर्थ येतो तो बाईच्या डोक्यावर चढल्यावर.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मुलींच्या जननेंद्रियावर शस्त्र चालवण्याची प्रथा याच दीक्षेशी जोडलेली आहे. तिच्याविरुद्ध तिथल्याच स्त्रिया उभ्या राहिल्या आहेत आणि सिएरा लिओनमध्ये रक्ताविना दीक्षा देण्याचे प्रयत्नही झाले आहेत. सोवेईच्या डौलदार मानेवर रसभरीत लिहिणाऱ्या किती तरी लेखांत याचा उल्लेख नसतो. कला आयुष्याच्या टप्प्याशी बांधलेली आहे असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा त्या टप्प्यावर कुणाचे काय कापले जाते हेही सांगण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

आपल्याकडे लग्नाच्या टप्प्याचे सर्वांत मोठे चित्र वारल्यांच्या चौकाचे. पालघर-डहाणूच्या भागात वारली घरात लग्न असले की गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकटीच्या आत पालघट देवी. तो लिहायचा सवाष्णींनी आणि लग्न लावायचे धवलेरीने, म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणाऱ्या बाईने. चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्न झाले, पाऊस झाला, भिंत पुन्हा सारवली की चौक गेला.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे हे चित्र भिंतीवरून कागदावर आले आणि जिव्या सोमा मशे हे नाव जगाला कळले. पुढे १९८९ साली पॅरिसमध्ये ज्याँ-ह्युबेर मार्तँ यांनी 'मॅजिसियाँ द ला तेर' हे प्रदर्शन भरवले. पाश्चात्त्य आणि इतर जगातील शंभरावर कलावंत त्यांनी एका पातळीवर मांडले. त्यात मशे होते, आणि घानातील तेशी गावचे शवपेट्या करणारे काने क्वेई यांचे कामही होते. क्वेई यांच्या पेट्या म्हणजे मेलेल्याच्या आयुष्याचा आकार. कोळ्यासाठी मासा, कोको पिकवणाऱ्यासाठी कोकोचे फळ, श्रीमंतासाठी मर्सिडीज गाडी. पालघरच्या लग्नाचे चित्र आणि घानाच्या मरणाची पेटी एकाच प्रदर्शनात आली. फक्त तिथे लग्न नव्हते आणि मयतही नव्हती.

त्या प्रदर्शनावर तेव्हा टीका झाली. वस्तूंना त्यांच्या मुळापासून तोडून जादूगारांच्या जत्रेत आणले, असा तिचा सूर होता. मला ती टीका अर्धी पटते. कारण त्याआधीच्या संग्रहालयांत अशा वस्तूंखाली नुसते जमातीचे नाव असे, करणाऱ्याचे नसे. १९०७मध्ये पिकासो पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहून हलला, ही कथा कलेचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. त्यातला एकही मुखवटा कुणी कोरला होता ते त्या विद्यार्थ्याला माहीत नसते. १९८९च्या प्रदर्शनात मशे यांचे नाव होते, क्वेई यांचे नाव होते. पुढे मशे यांना पद्मश्री मिळाली, २०११ साली. हा लाभ खरा आहे. पण त्याच वाटेवर चौक लिहिणाऱ्या सवाष्णी मागे राहिल्या. भिंतीवर सामूहिक आणि बायकांचे असलेले काम कागदावर आल्यावर मुख्यतः पुरुषांचे आणि सहीचे झाले. नाव मिळाले खरे, पण भिंत लिहिणारे मूळचे हात त्या नावात आले नाहीत.

६

मरणाच्या टप्प्यावरची जी वस्तू मी सर्वांत जवळून पाहिली ती आमच्या घरची नव्हे, शेजारच्या अप्पांची. ते लिंगायत. या मुलखात हा समाज मोठा आहे, आणि ज्या कल्याणात बसवण्णांनी बाराव्या शतकात हे इष्टलिंग सर्वांच्या हाती दिले ते आजचे बसवकल्याण मुरुमपासून फार लांब नाही. पोटात बाळ असताना आठव्या महिन्यात त्याच्या नावाचे लिंग आईच्या अंगावर बांधतात. जन्मल्यावर ते बाळाचे होते. मोठेपणी ते रोज डाव्या तळहातावर घेऊन पुजायचे, एरवी चांदीच्या डबीत घालून गळ्यात वागवायचे, आणि ते अंगावेगळे करायचे नाही. अप्पा वारले तेव्हा त्यांना बसते करून, फुलांनी सजवून भजनाच्या गजरात नेले. खड्ड्यात बसवल्यावर विभूती, बेल, मीठ घातले. डबी घरी राहिली. लिंग त्यांच्या तळहातावर होते आणि त्यांच्याबरोबर मातीत गेले. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. एवढी वर्षे सांभाळलेली वस्तू पुरून टाकतात, याचे मला फार नवल वाटले होते.

आज वाटते, जन्माआधीपासून मरणानंतरपर्यंत एकाच माणसाच्या सोबत राहणारी इतकी पूर्ण वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. जगभरच्या संग्रहालयांत आणि लिलावांत या लिंगांच्या चांदीच्या डब्या दिसतात. त्यांवरील कलाकुसरीचे वर्णन असते. आतली वस्तू तिथे नसते. आपापल्या धन्याबरोबर ती केव्हाच मातीत गेलेली असते.

गॅबनमधील कोता लोकांच्या मूर्तींची गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. तांब्या-पितळेच्या पत्र्याने मढवलेले हे चपटे चेहरे युरोपातील आधुनिक चित्रकारांना फार भावले. मुळात ते पूर्वजांच्या अस्थी ठेवलेल्या टोपलीवर राखणीला उभे केलेले असत. युरोपला गेले ते बहुतेक नुसते चेहरे. टोपली आणि अस्थी मागे राहिल्या किंवा नष्ट झाल्या. राखणदार शिल्लक आहे, ज्याची राखण करायची ते उरलेले नाही. १९५३ साली आलँ रेने आणि क्रिस मार्केर यांनी अशा मूर्तींवर एक लघुपट केला, 'ले स्तात्यू मर ओसी', म्हणजे मूर्तीही मरतात. वसाहतवादावरील टीकेमुळे फ्रान्समध्ये तो अखंड स्वरूपात दाखवायला बरीच वर्षे बंदी होती. त्याच्या शीर्षकात मला आईचाच प्रश्न ऐकू येतो: बघायला ठेवायचे?

७

याचा अर्थ जुने जसेच्या तसे चालू राहिले तरच ते जिवंत, असा काढू नये. इबेजीवर अभ्यास करणाऱ्यांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे दिसले की अनेक योरुबा घरांत लाकडी मूर्तीच्या जागी कारखान्यातली प्लॅस्टिकची बाहुली आली आहे. कुठे जिवंत जुळ्याचे छायाचित्र काढून तेच दोनदा छापायचे आणि दोघे शेजारी बसल्याचे चित्र करायचे, असेही झाले. शुद्धतेच्या आग्रह्यांना हा ऱ्हास वाटला. प्लॅस्टिकच्या बाहुलीला भरवणाऱ्या आईला तसे वाटत नव्हते. तिचे काम होत होते.

हे मला एका मावशीमुळे समजले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र संपता संपता, भूकंपाने उमरगा आणि औसा तालुक्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे होती, ती माणसांवर पडली. सास्तूरच्या बाजूच्या गावात दिलेल्या या मावशीचा नवरा आणि शाळेत जाणारा मुलगा गेला. भिंतीतली देवळी आणि तिच्यातले देव ढिगाऱ्यात गेले. पुढे पुनर्वसनाच्या घरात मी गेलो तेव्हा तिने कपाटाच्या एका फळीवर देव्हारा मांडला होता. नवऱ्याचा म्हणून जत्रेत मिळणारा पत्र्याचा तयार टाक. मुलाचा टाक करायची रीत नव्हती, म्हणून शाळेच्या सामूहिक छायाचित्रातून कापलेला त्याचा नखाएवढा चेहरा तिने पुठ्ठ्यावर चिकटवून टाकाशेजारी ठेवला होता. त्यालाही कुंकवाचे बोट लावलेले. पुसून पुसून छायाचित्राचा रंग उडाला होता. घडणीच्या दृष्टीने त्यात पाहण्यासारखे काही नव्हते. तेव्हा मला इबेजीचे नावही माहीत नव्हते, आणि जे समोर होते त्याला काय म्हणायचे तेही समजले नव्हते.

मावशीने रीत मोडली नाही, ती ताणून रुंद केली. टाक कुणाचा होतो हे आमच्याकडे ठरलेले आहे. कर्त्या पुरुषाचा होतो. सवाष्ण गेलेल्या बाईचा काही घरांत होतो. लहान मुलांचा नाही. लेकीचा माहेरी नाही, कारण ती सासरच्या देवांत जायची. आणि जिला सासरने परत पाठवले, जी आयुष्यभर माहेरी राहिली, तिचा कुठेच नाही. शेजारच्या घरात बाईच्या गळ्यातही पुरुषासारखेच लिंग होते आणि ते तिच्याबरोबर जात होते. आमच्या देव्हाऱ्यात मात्र तो भेद होता. आयुष्याच्या टप्प्यांशी जोडलेली कला ही टप्प्यांचे दरवाजे उघडते आणि काही जणांना दरवाजाबाहेरही ठेवते. तिच्यावर लिहिताना दुसरी बाजू गाळली तर ते कौतुक होईल, समीक्षा होणार नाही.

८

आत्या लग्नानंतर दोन वर्षांनी परत आली होती. का, ते घरात कुणी बोलत नसे. ती देव धूत असे. पहाटे पितळी ताटात सातही टाक ओळीने मांडून चिंचेने एकेक घासायची, अंगठा मधोमध, चेहऱ्यावर. मी लहानपणी शेजारी बसून तिला विचारायचो, हा कोण? ती सांगायची, हे मैलार, हे तुझे पणजोबा, ही आई. चेहरे नव्हते तरी ती कधी चुकली नाही. ती जाऊन अकरा वर्षे झाली.

सोनाराकडे आम्ही तिघे गेलो, आई, धाकटा भाऊ आणि मी. त्याने टाक काट्यावर ठेवले. म्हणाला, मूळ वजनात बरीच घट आहे, थोडी चांदी वर घालावी लागेल. मी काट्याकडे पाहत होतो. जी घट होती ती कुठे गेली होती ते मला ठाऊक होते. ताटातल्या पाण्याबरोबर तुळशीच्या बुडाशी.

दादांसाठी सोनाराने नेहमीचा ठसा काढला. आईने विचारले, "बाईचा हाय का?" त्याने सवाष्णीचा ठसा दाखवला. मग आई भावाकडे आणि माझ्याकडे पाहत म्हणाली, "वन्संचा बी करा."

भाऊ म्हणाला, "आई, आत्याचा टाक आपल्यात कसा चालंल? भाऊबंद काय म्हणतील?"

"भाऊबंदांनी धुतले का देव?" आई म्हणाली. यावर भाऊ काही बोलला नाही. मीही बोललो नाही. पण ज्या प्रश्नाभोवती मी एवढी पुस्तके चाळली होती त्याचा निकाल तिने सोनाराच्या दुकानात लावला होता. आमच्या टाकांचा अर्धा कर्ता ती होती, आणि आता तिला पंक्तीत जागा मिळत होती.

उरला माझा आग्रह. सातही वितळवू नयेत, निदान एक तरी जुना राहावा, असे मी पुन्हा म्हणालो. आईने थोडा विचार केला. म्हणाली, "ठिव. पण कपाटात न्हाई. ठिवायचा तर रोज धुवायचा." सहा टाक भट्टीत गेले. त्यातून सगळे देव नवे झाले, दादा आले, आत्या आली. नव्या टाकांचे नाकडोळे इतके ठसठशीत आहेत की पहिले काही दिवस ते परक्यासारखे वाटले.

सातवा माझ्याकडे आहे. तो खंडोबाचा की पणजोबांचा, हे आता आईलाही नक्की सांगता येत नाही. घोड्याचे पाय तेवढे कळतात. सांगणारी गेली. पंचवीस वर्षांपूर्वी याच टाकावर मी कारागिराला नाकडोळ्यांत रस नसल्याचे लिहिले होते. ते विधान मी मागे घेतो. रोज सकाळी तो ताटात घेऊन चिंचेने घासतो तेव्हा माझाही अंगठा आपोआप मधोमध जातो. तिथे आधीच एक खळगा आहे, आणि तो माझ्या अंगठ्यापेक्षा थोडा लहान आहे.